वाळूच्या रजिस्टरातली एक ओळ

येळ्ळूर, ता. बेळगाव
शनिवार रात्र

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी सोप्यात बसलो होतो. पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता की तुझं निम्मं बोलणं नंतर आईला विचारून घ्यावं लागलं. तू फोन ठेवलास आणि आई म्हणाली, "पोरगी एवढं विचारायली, आणि तुम्ही नुसतं हं हं करायलायसा." खरं आहे ते. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर द्यायचं तर आधी माझी एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी तुला आजवर सांगितलेली नाही. फोनवर ती माझ्या तोंडून निघाली नसती. आठवडाभर लावणीची धांदल होती. आज बळ्ळारी नाल्याकडच्या पट्टीतली शेवटची रोपं लागली. आता जेवून लिहायला बसलो आहे.

तू म्हणालीस, तुमच्या पुण्याच्या लॅबचं ऑडिट येणार आहे आणि मार्चमधल्या काही चाचण्यांच्या नोंदी रजिस्टरात नाहीत. काही चाचण्या झाल्या पण लिहायच्या राहिल्या, काही झाल्या की नाही हेच कुणाला आठवत नाही. साहेब म्हणतात, सगळ्या मार्चच्या तारखांनी भरून टाक, खाली सही कर, असं सगळीकडंच चालतं. मंगळवारपर्यंत द्यायचं आहे. आणि फोन ठेवता ठेवता तू दुसरं विचारलंस. ऑफिसवर एक कथा लिहिली आहे, दिवाळी अंकाला पाठवायची आहे, टोपणनावानं पाठवू का? तुला ही दोन वेगवेगळी कामं वाटत असतील. माझ्या आयुष्यात ती दोन्ही एकाच रजिस्टरातून निघाली, म्हणून मी दोन्हींचं एकत्रच लिहितो.

१९९४ चा जुलै. उद्यमबागेतल्या ज्या फाउंड्रीत मी इन्स्पेक्शनला होतो तिचं नाव इथं लिहीत नाही, तुला ते ठाऊक आहे. तेव्हा आमच्याकडं मोल्डिंग हातानं चालायचं, ग्रीन सँडमध्ये. नाव ग्रीन असलं तरी ती वाळू काळीच असते. वाळू, बेंटोनाइट म्हणजे चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी. सगळा खेळ त्या पाण्याचा. शंभराला तीन ते पाच भाग पाणी असलं की साचा धरतो. त्याहून कमी झालं तर कडा ढासळतात. जास्त झालं तर तेराशे-चौदाशे अंशांचं लोखंड ओतल्याबरोबर त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती लोखंडातच अडकून बसते. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, आत पोकळ्या असतात. त्यांना आम्ही ब्लो होल म्हणतो. लेथवर वरची कातडी उतरली की मगच त्या उघड्या पडतात.

मोल्डिंगला बैलहोंगलकडचा एक माणूस होता. सगळे त्याला अण्णा म्हणायचे, मीही म्हणत होतो. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. त्याची भाषा कन्नड, मराठी कामापुरती. पण हात असा की त्याच्या साच्याची कड कधी दुरुस्त करावी लागली नाही. वाळू बरोबर आहे का हे तो मुठीत दाबून सांगायचा. मूठ उघडायची, गोळा दोन बोटांनी मोडायचा, मोडलेली कड कशी आहे बघायची, एवढंच. मी नंतर यंत्रावर ओलावा मोजायचो तेव्हा आकडा त्याच्या बोलण्याच्या आसपासच निघायचा. दुपारी चारला गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही दोघं बाय टू चहा प्यायचो. सहा-सात वर्षं तो नेम होता. तो तुटक्या मराठीत बोलायचा, मी तुटक्या कन्नडमध्ये, आणि दोघांचं चांगलं जमायचं.

त्या महिन्याअखेरीला पाऊस धो धो होता. वाळूच्या ढिगावर छपरातून गळत होतं. अण्णानं मूठ दाबली आणि मला दाखवली. "नीर जास्ती आगेत्री." पाणी जास्त झालंय. मी मोजलं. ६.४ टक्के. माझ्याच अक्षरात मी ते वाळूच्या रजिस्टरात लिहिलं, तारीख घातली, वेळ घातली. सुपरवायझर म्हणाला, भट्टी तयार आहे, आता थांबायचं नाही, ओता. ओतलं. हायड्रॉलिक पंपाच्या बॉडी होत्या, एकशे चाळीस नग. फेटलिंग, म्हणजे घासून साफसफाई, होऊन माझ्यापुढं आले तेव्हा सात-आठ नगांच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसत होती. अशा वेळी चार नग लेथवर लावून कापून बघायचे असतात. त्याला अर्धा दिवस गेला असता, आणि गाडी गेटमध्ये उभी होती. मालकांनी मला दम दिला नाही, हे तुला मुद्दाम सांगतो. ते फक्त एवढंच म्हणाले, "जाईल ना?" मी म्हटलं, "जाईल." आणि सर्टिफिकेटवर सही केली.

बारा दिवसांनी सगळा माल परत आला. चौकशी बसली. सुपरवायझरनं सांगितलं, मोल्डरनं वाळू नीट ठोकली नाही, वाफ जायला व्हेंट, म्हणजे भोकं, मारली नाहीत. अण्णा उभा होता. बोलणी सगळी मराठीत चालली होती, भरभर. तो एकदा म्हणाला, "नीर...", आणि पुढं त्याला शब्द सुचेनात. त्यानं माझ्याकडं बघितलं. माझ्या टेबलाच्या खणात ते रजिस्टर होतं. उठून दहा पावलं चालायची होती. मी बसून राहिलो. अण्णाचा आठ दिवसांचा पगार कापला आणि त्याला मोल्डिंगवरून काढून फेटलिंगला टाकलं, धुळीत, ग्राइंडरवर. दुसऱ्या दिवशी चारला मी चहाला गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग कधीच नाही.

मी गप्प का बसलो याचा मी खूप विचार केला आहे. नोकरीची भीती होती, तू वर्षाची होतीस, घराचं कर्ज होतं. पण तेवढंच असतं तर मी आज हे पत्र लिहिलं नसतं. त्यापेक्षा वाईट एक गोष्ट माझ्या मनात होती, आणि ती मला बऱ्याच उशिरा दिसली. मी स्वतःला सांगत होतो की हा काही आपल्यातला नाही. हा कन्नड माणूस, राज्य याचं, सरकार याचं, याला काय होणार आहे?

हे मी, ज्याच्या वडिलांनी १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला शेतकरी म्हणून सकाळ पाहिली नाही, म्हैसूर राज्यातला म्हणून पाहिली, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्या शेताची पहाणी, म्हणजे इथला सातबारा, त्याला स्वतःला अक्षरं जुळवत वाचावी लागते. तहसीलदार कचेरीत कन्नडमधला कागद हातात घेऊन, त्यात काय लिहिलंय ते दुसऱ्याला विचारत जो उभा राहिला आहे. दर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत मी गेलो आहे, अंगात होईल तोवर जाईन. महाराष्ट्रानं २००४ ला सर्वोच्च न्यायालयात घातलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याच्या निकालाची वाट आमची सगळी पिढी बघत आली. २०१४ ला गावाचं नाव कागदावर बेळगावी झालं, तरी माझ्या तोंडातलं बेळगाव गेलं नाही. यातलं काहीच मी सोडणार नाही. भाषा कळत नाही म्हणून माणूस कसा अडतो, कसा लहान होतो, हे या जिल्ह्यात आमच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि ते ठाऊक असलेल्या माणसानं त्या खोलीत नेमकं तेच अण्णाच्या बाबतीत होऊ दिलं. त्याला मराठीत भांडता येत नव्हतं, आणि मला त्याचा फायदा झाला.

नंतर मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. मी त्यावर कथा लिहिली.

आपल्या सीमाभागात गावोगाव साहित्य संमेलनं होतात, कडोलीला, उचगावला, कुद्रेमनीला, आपल्या येळ्ळूरला. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, कथाकथन, कविसंमेलन. शाळेत मराठी टिकवायची, पाटीवर मराठी टिकवायची, म्हणून लोकांनी वर्गणी काढून उभी केलेली ही संमेलनं आहेत. बायका डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालतात तेव्हा माझे डोळे अजून भरून येतात. अशाच एका संमेलनात, २००३ मध्ये, मी माझी कथा वाचली. फाउंड्री, पाऊस, ओली वाळू, निष्पाप मोल्डर, सगळं होतं. इन्स्पेक्शनचा साहेब मात्र मी बाहेरगावचा केला. सुटाबुटातला, निर्दय, मजुरांची भाषा न येणारा. आणि मोल्डर मी मराठी केला. तेव्हा मला वाटलं होतं, कथेला असा बदल लागतोच. टाळ्या पडल्या. एक जण तर रडत येऊन मला भेटला.

घरी येताना मोटरसायकलवर मागं बसलेली तुझी आई बराच वेळ काही बोलली नाही. धामणे रोडला वळल्यावर म्हणाली, "गोष्ट चांगली झाली. पण त्यात तुम्ही कुठं होतासा?"

एवढंच विचारलं तिनं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. साहित्यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तुला टोपणनावाबद्दल लिहायचं आहे म्हणून इथं जरा थांबतो. प्रकाश नारायण संतांच्या लंपनच्या गोष्टी तू आठवीत असताना वाचल्यास, आणि आपल्या गावाकडची माणसं पुस्तकात आहेत म्हणून नाचली होतीस. ते बेळगावचे, इंदिरा संतांचे चिरंजीव. पण कराडच्या कॉलेजात ते भूशास्त्र शिकवायचे तेव्हा हजेरीपटावर त्यांचं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित असं होतं, कारण ते आजोळी दत्तक गेले होते. आयुष्यभर खडक शिकवले, आणि 'वनवास' हे पहिलं पुस्तक आलं १९९४ ला, पन्नाशी उलटून गेल्यावर. नोकरीत एक नाव, पुस्तकावर दुसरं. पण ते दुसरं नाव लपण्यासाठी नव्हतं. ते जन्माचं नाव होतं, वडिलांचं, आणि लिहिताना ते त्याच नावाकडं गेले. त्यांच्या आईचंही बघ. नारायण संत १९४६ ला गेले, पदरात मुलं होती, आणि इंदिराबाईंनी इथल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत संसार ओढला. सकाळी वर्गात उभ्या राहणाऱ्या बाई आणि कविता लिहिणाऱ्या बाई या दोन वेगळ्या बायका होत्या असं मला कधी वाटलं नाही. तू म्हणालीस ना, ऑफिसात मी दुसरीच असते? आवाज वेगळा, मराठी वेगळं, कपडे वेगळे. त्यात वावगं काही नाही, बाळा. सगळ्यांचं तसंच असतं. तुझी आत्या निपाणीहून देवचंद कॉलेजला जायची. नाव निपाणीचं, पण ते कॉलेज उभं आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. रोज सकाळी चालत दुसऱ्या राज्यात आणि दुपारी चालत परत. ती कधी दोन माणसं झाली नाही.

आणि निपाणीचं नाव निघालं म्हणून महादेव मोरे. तुझ्या पिढीला ते फारसे माहीत नाहीत याचं मला वाईट वाटतं. २०२४ ला गेले. तरुणपणी गॅरेज, टॅक्सी, आणि मग निपाणीत पिठाची गिरणी. दळण दळत त्यांनी कथा-कादंबऱ्यांची चाळीसच्या वर पुस्तकं लिहिली. टॅक्सीवाले, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ज्यांच्या नाकातोंडात दिवसभर तंबाखूची धूळ जाते, अशी माणसं त्यांच्या पुस्तकांत आहेत. पुण्या-मुंबईला जाऊन मोठं व्हावं असं त्यांनी केलं नाही. मला त्यांच्याबद्दल एक गोष्ट फार मोलाची वाटते. ज्यांच्यावर लिहायचं तीच माणसं दुसऱ्या दिवशी डोक्यावर डबा घेऊन दळायला दारात येणार, असं ते जगणं होतं. पीठ बारीक का जाड ते विचारायचं आणि वजन बरोबर करून द्यायचं. अशा ठिकाणी बसून खोटं लिहिणं अवघड जात असेल. मी मात्र संमेलनाच्या मांडवात लिहीत होतो, तिथं अण्णा येणार नव्हता.

म्हणून टोपणनावाचं माझं म्हणणं असं. नाव बदलायचं तर खुशाल बदल, त्यात पाप नाही. ऑफिसातली बाकीची माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचं गाव बदल, वय बदल, बाई असेल तर बाप्या कर. त्यांनी तुला चहाच्या वेळी विश्वासानं सांगितलेलं जसंच्या तसं छापू नकोस. पण स्वतःला बदलू नकोस. त्या कथेत तू कुठं आहेस ते मला सांग. तू फोनवर कथा सांगितलीस त्यात साहेब होते, एचआरवाली बाई होती, कॉन्ट्रॅक्टवरचा लॅबमधला मुलगा होता. तू दिसली नाहीस.

आता अण्णाचं पुढचं.

२००५ च्या दिवाळीनंतर मी आणि आई बैलहोंगलला गेलो. तुला सांगितलं होतं कित्तूरला किल्ला बघायला चाललो आहोत. फाउंड्री त्यानं केव्हाच सोडली होती, गावाकडं दोन एकर ज्वारी करत होता. पत्ता विचारत विचारत गेलो. दारात बघून तो एकदम उठला. "बर्री, बर्री, कुंद्री." या, या, बसा. त्याच्या बायकोनं भाकरी थापल्या, एण्णेगाई म्हणजे भरली वांगी केली, शेंगांची चटणी, वर दही. जेवण होईपर्यंत मी काही बोललो नाही. मग बोललो. रजिस्टर, ६.४, खण, सगळं. माझी कन्नड अशा बोलण्याला पुरत नाही, मध्येमध्ये मराठीत घसरत होतो. तो ऐकत होता. मी खिशातून पाकीट काढलं, त्यात दोन हजार रुपये होते, आणि ते त्याच्या पुढ्यात ठेवलं.

तो हात लावेना. त्याची बायको दारात उभी होती. तिनं मला विचारलं, कापले किती होते? मी म्हटलं, तेव्हाची हजेरी पंचेचाळीस, आठ दिवसांचे तीनशे साठ. तिनं पाकीट उचललं, तीनशेसाठ रुपये मोजून घेतले, सुटे नव्हते म्हणून आतून चाळीस आणून त्यात घातले, आणि बाकीचं माझ्या हातात परत दिलं. रागानं दिलं असंही नाही. दुकानात हिशेब करतात तसं. मग ताटं उचलायला लागली.

वर्षभरानं आपल्या वस्तीतल्या कन्नड शाळेच्या मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला लक्कम्मेची गोष्ट सांगितली. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, मारय्या आणि लक्कम्मा हे नवरा-बायको होते. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे आणि त्यावर जगायचं, आल्यागेल्याला वाढायचं, हे मारय्याचं कायक. कायक म्हणजे ज्यानं पोट भरतं आणि ज्यात देवही असतो असं काम. एके दिवशी मारय्यानं रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ वेचून आणले. लक्कम्मेनं ते बघितले आणि म्हणाली, हे आपले नव्हेत, जास्तीचे होते तिथं टाकून या. कन्नड घरांत ही गोष्ट आपल्याकडं सावता माळी सांगतात तशी सांगतात. मी पन्नाशीला आलो तोवर शेजारच्या घरातली ही गोष्ट मला माहीत नव्हती. त्या बाईला ती माहीत होती की नाही, कुणास ठाऊक. तिनं तसं केलं, एवढं मी बघितलं.

अण्णा आम्हाला बसपर्यंत सोडायला आला. वाटेत ज्वारीबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला. बस लागली, आई चढली, आणि मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा तो त्याच्या त्या मराठीत म्हणाला, "पगार गेला, ते गेला. तुम्ही चहा बंद केला. मी काय चूक केली, कळलं नाही मला."

अकरा वर्षं तो माणूस स्वतःची चूक शोधत होता. बेळगाव येईपर्यंत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. आईनं काही विचारलं नाही.

तेव्हा मंगळवारच्या कागदाचं आता ऐक. सही करू नकोस. हे मी तोलून मापून सांगत नाही, बाप म्हणून सांगतो. आणि नुसतं "नाही" म्हणून येऊ नकोस, काम करून दाखव. ज्या चाचण्या झाल्या आणि यंत्रात किंवा कच्च्या वहीत ज्यांचे आकडे सापडतात, त्या आजच्या तारखेनं लिही. शेजारी सरळ लिही, उशिरा केलेली नोंद, चाचणी अमुक दिवशी झाली, आकडा अमुक ठिकाणाहून घेतला. मग सही कर, ती खरी सही आहे. ज्या झाल्या की नाही हे माहीत नाही, तिथं "नोंद उपलब्ध नाही" असं लिही. राखून ठेवलेले नमुने असतील तर आत्ता चाचणी घे आणि आत्ताची तारीख घाल. खाडाखोड करावी लागली तर एकच रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे, वर व्हाइटनर लावू नकोस. चांगला ऑडिटर मोकळी जागा बघून चिडतो, पण एकाच पेनानं एका दमात भरलेला महिना बघितला की त्याला सगळंच कळतं. मी एकतीस वर्षं त्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. साहेबांना हे तोंडी सांग आणि मग मेलवर लिहून पाठव, सभ्य भाषेत, दोनच ओळी.

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट बघ. त्या मार्चच्या पानांवर "चाचणी कुणी केली" या रकान्यात कुणाचं नाव येणार आहे? तू म्हणालीस, लॅबमधला तो कॉन्ट्रॅक्टवरचा मुलगा. बिहारचा, मराठी अजून नीट येत नाही, एप्रिलमध्येच घरी जाऊन आला. उद्या काही निघालं तर खोलीत उभा तो राहणार आहे आणि बोलणी मराठीत नाहीतर इंग्रजीत चालणार आहेत. तू खुर्चीत बसलेली असशील. पुण्यात लोक तुला विचारतात ना, तू कर्नाटकातली, मग मराठी कशी येते, आणि तुला ते लागतं? त्याला रोज काय काय विचारत असतील. त्याच्याशी बोलून घे. त्यानं काय केलं, काय नाही, ते त्याच्या भाषेत सांगू दे. हिंदी तुला येते.

नोकरी जाईल का? जाऊ शकते. मला तसं वाटत नाही, पण मी तुला खोटा धीर देणार नाही. गेली तर घरी ये. तांदूळ घरचा आहे, मसूरही यंदा ठेवली आहे, तुझी खोली आहे तशी आहे. तुझ्या फ्लॅटचे दोन-तीन हप्ते मी भरू शकतो, हे आईशी बोलून लिहितो आहे. उद्यमबागेत, मच्छ्याला अजून फाउंड्र्या आहेत, त्यांना टेस्टिंगची माणसं लागतात.

सोबत काही कागद पाठवतो आहे. २००६ मध्ये मी ती कथा पुन्हा लिहिली. या वेळी मोल्डर बैलहोंगलचा आहे, साहेब येळ्ळूरचा आहे, आणि गोष्ट साहेबच सांगतो. कुठं वाचली नाही, छापायला दिली नाही. आधी अण्णाला विचारायला हवं होतं, आणि दुसऱ्यांदा जायचं माझ्यानं झालं नाही. या दिवाळीला तू आलीस की आपण तिघं जाऊ. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे, तू त्याला वाचून दाखव. तो नको म्हणाला तर कागद तिथंच ठेवून येऊ.

तोवर शुद्धलेखन बघ. वेलांट्यांचा माझा घोळ तुला माहीत आहे. पण संवादात जिथं "करायलाय", "जायलाय" आलं आहे ते पुसून "करतोय", "जातोय" करू नकोस.

आई कुंद्याचा डबा देते आहे, शेजारचा मुलगा सोमवारी पुण्याला येतो आहे त्याच्याजवळ. त्याच्याकडूनच हे पत्र. म्हणजे तुला ते सोमवारी संध्याकाळी मिळेल. वाचून झालं की फोन कर. कितीही वाजू देत, मी जागा आहे.

तुझा,
बाबा